टेपमधली चार बोटं

माझी थोरली शिवणकाम करते. दवाखान्यातल्या लोकांचे पांढरे कोट शिवायचा कारखाना आहे, तिथे खिडकीपासून तिसरं मशीन तिचं. सव्वीस वर्षं झाली. बाही तिने चढवली की खांद्यावर सुरकुती शोधून सापडत नाही. घरी आल्यावर लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते ते वेगळं. आणि ती जाड आहे. आई असून मी असं लिहिते म्हणून ती रागावणार नाही. तीच म्हणते, "आई, मला 'अंगाने भरलेली' म्हणू नकोस. मी काय उशी आहे?"

धाकटीही तशीच होती. दोघी माझ्यावर गेल्या. धाकटी चार वर्षांनी लहान, पण ताईचे कपडे तिला तसेच्या तसे यायचे, आणि त्यावरून दोघींची झोंबाझोंबी. पुढे धाकटी विम्याच्या कचेरीत लागली. आठ तास खुर्ची, आणि खणात बिस्किटं.

तीन वर्षांपूर्वी थोरलीचे गुडघे कुरकुरायला लागले. वजन उतरवा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर ही बाई हट्टालाच पेटली. पहाटे उठून मैदानाला सहा फेऱ्या. भात निम्मा, साखर बंद. कारखान्यात कोणाचा वाढदिवस असला की हिच्या वाटणीचा केक काजवालीच्या ताटलीत. काजवाली म्हणजे शेजारी बसून काज-बटणाचं काम करणारी तिची मैत्रीण. तिचं तोंड खायला नाहीतर बोलायला उघडंच असतं.

दोन वर्षांत नऊ किलो उतरले. मग थंडीत थोरलीचा घोटा मुरगळला, दीड महिना चालणं बंद, आणि त्यातले पाच किलो परत आले. घोटा बरा झाला त्या दिवशी बूट घालून पुन्हा मैदानावर गेली.

त्याच सुमाराला धाकटीला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं, पोटावर, आपलं आपण टोचायचं. त्याने भूक कमी होते म्हणे. सुरुवातीला तिला मळमळायचं, जेवणाचा वास नकोसा व्हायचा. पण आठ महिन्यांत सतरा किलो गेले. मला आनंद झाला. मग थोरलीचा चेहरा बघितला आणि तो आनंद मी जरा आवरून घेतला.

कारण धाकटीचे कपडे आत घेणार कोण? थोरलीच. दर दीड-दोन महिन्यांनी धाकटी पिशवी घेऊन हजर. "ताई, एवढ्या पँटी आत घे ना." मग हिने टेप गुंडाळायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. स्वतः दोन वर्षं घाम गाळायचा आणि बहिणीचा कमी झालेला एकेक इंच आपल्याच हाताने मोजायचा. वैऱ्यावरही अशी पाळी येऊ नये.

"आयुष्यभर सुई माझ्या हातात," थोरली एकदा म्हणाली, "आणि बारीक झाली ती!"

इथपर्यंत ती हसून बोलत होती. बिनसलं ते काजवालीमुळे. तिला रविवारी बाजारात धाकटी भेटली, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने थोरलीला सगळ्यांसमोर सुरू केलं.

"अगं, तुझी बहीण ओळखू येईना मला! विचारलं, कसं काय जमवलंस? तर म्हणाली, रोज पहाटे चालते, ताईकडे बघून शिकले. बघ बाई! तीही चालते, तूही चालतेस. तू मैदानावर चालतेस की बाकावर बसून येतेस?"

सगळ्या हसल्या. कापड बेतणारे मास्तर कधी हसत नाहीत, तेही कात्री खाली ठेवून हसले.

थोरली घरी आली ती धुमसतच. "इंजेक्शन घेते तर घेऊ दे. वजन गेलं, जाऊ दे. पण माझं चालणं हिने का घ्यावं? चिखल माझ्या बुटांना, घोटा माझा मोडायचा, आणि चालली कोण? तर ही!"

"लाजून बोलली असेल गं," मी म्हटलं.

"लाज वाटते तर गप्प बसावं. माझ्या नावावर बारीक कशाला व्हायचं?"

शनिवारी धाकटी पिशवी घेऊन आली. मी बाजेवर बसून टॉवेलच्या घड्या घालत होते. आता एक सांगायला हवं. घरी वजनकाटा ठेवू नको, रोज त्यावर चढून जिवाला घोर लावून घेशील, असं डॉक्टरांनी धाकटीला बजावलं होतं. वजन व्हायचं ते तीन महिन्यांनी, दवाखान्यात. मधल्या काळात तिचा सगळा भरवसा ताईच्या टेपवर.

माप घेताना शिवणारी माणसं टेपच्या आत दोन बोटं घालतात, श्वास घ्यायला जागा राहावी म्हणून. थोरली धाकटीच्या पाठीमागे उभी राहिली आणि तिने टेपच्या आत चार बोटं घातली. तीही उभी, मुठीसारखी.

"किती?" धाकटीने विचारलं.

"छत्तीस."

"मागच्या खेपेलाही छत्तीसच होतं."

"मग तेवढंच आहे."

"पण पँट घसरतेय गं, ताई."

"चार धुण्यांत कापड सैल पडतं. कपड्यातलं तुला जास्त कळतं की मला?"

धाकटीने पिशवी उचलली. चहासुद्धा न घेता गेली.

मी सगळं बघितलं होतं. बोलले नाही. मला वाटलं, ही जरा थांबली तर बिघडलं कुठे? थोरलीला गाठू दे की थोडं. पोटात माझ्याही दुखत होतंच. एका लेकीने रक्त आटवायचं आणि दुसरीने पोटाला चिमटीत धरून टोचून मोकळं व्हायचं, हे मला पटतच नव्हतं. कष्ट कोणीतरी मोजावेत ना!

अकराव्या दिवशी कचेरीतून फोन आला. धाकटी जिन्यात चक्कर येऊन पडली होती. आम्ही दोघी दवाखान्यात धावलो. तिच्या हाताला सलाईन लावलेलं, कपाळाला टेंगूळ. डॉक्टरीणबाई तिची हजेरी घेत होत्या.

"काल काय खाल्लं?"

"काळा चहा."

"आणि परवा?"

"काकडी. अर्धी."

"कोणी सांगितलं असं करायला?"

"सगळं थांबलं होतं हो. कंबर हलेना. मला वाटलं इंजेक्शनचा जोर संपला, आता उपाशीच राहायला हवं."

"थांबलं कुठे? आत्ताच वजन केलं, मागच्यापेक्षा पाच किलो कमी आहे. आधीच भूक मेलेली, त्यात तुम्ही उपास करता? चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते अशाने. अंडं, डाळ, दही पोटात गेलंच पाहिजे. आणि चालणं? ते चालू आहे ना?"

धाकटीने भिंतीकडे तोंड केलं. "मी कधी चाललेच नाही."

"टेपमध्ये माझी बोटं होती," थोरली एकदम म्हणाली. "चौतीस होती तिची कंबर. मी छत्तीस सांगितली."



"का?" धाकटीने विचारलं.

"तू माझं चालणं घेतलंस."

"मी इंजेक्शन म्हटलं की लोक म्हणतात, मग काय, फुकटच! मळमळ मी सोसली, साखर माझी, आणि फुकट? म्हणून तुझं नाव सांगितलं. चार पावलं उसनी घेतली तुझी. त्यापायी तू मला उपाशी मारलंस?"

थोरलीला तोंड वर करता येईना. डॉक्टरीणबाईंनी मग तिचंही सगळं ऐकून घेतलं, गुडघ्यांच्या वेळची कागदपत्रं बघितली आणि म्हणाल्या, "तुमचे पाच किलो परत आले यात तुमचा आळस नाही. काहींचं शरीर वजन सोडतच नाही. तुम्हीही रक्त तपासून घ्या. औषध लागलं तर देऊ, नाही लागलं तर नाही. आणि बहिणीचं म्हणाल, तर तिने उद्या इंजेक्शन सोडलं की वजन परत येऊ शकतं. तिला पण काही फुकट मिळालेलं नाही."

थोरलीने रक्त तपासायची चिठ्ठी घेतली. धाकटी तिच्याशी बोलली नाही ती तीन आठवडे. पँटी दुसऱ्या शिंप्याकडे टाकल्या. त्या शिंप्याने त्यांचं जे काही केलं ते थोरलीने रस्त्यात धाकटीच्या अंगावर लांबून पाहिलं आणि घरी येऊन जेवली नाही. "मागची शिवण वाकडी घेतलीय मेल्याने," एवढंच म्हणाली. आता तिचा त्या शिंप्यावर जळफळाट.

माझ्याने राहवेना. मी धाकटीकडे गेले आणि सांगून टाकलं, "मी बघितली होती तिची बोटं."

ती म्हणाली, "आई, तूही? म्हणजे त्या खोलीत माझ्या बाजूने कोणीच नव्हतं?"

मी तिच्यासाठी अंडी उकडली आणि ती खाईपर्यंत समोर बसले.

दोन दिवसांनी ती जेवणाच्या सुट्टीत थेट कारखान्यात गेली. हे मला काजवालीने सांगितलं, तेव्हा त्यात मीठमसाला किती ते तिलाच ठाऊक. धाकटी मशीनांच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मी आठवड्याला इंजेक्शन घेते. चालत नव्हते. चालायची ती माझी ताई." मग थोरलीकडे वळून, "आता तू सांग."

थोरली उठली. बोटं कशी घातली, ते तिने मास्तरांच्या टेपवर करून दाखवलं. मास्तर म्हणाले, "चार बोटं? अगं, मी तुला दोनच शिकवली होती!" आणि तिथे हसण्याचा जो गोंधळ उडाला, त्यात या दोघी रडत होत्या हे फक्त काजवालीच्या लक्षात आलं म्हणे.

आता दोघी पहाटे मैदानावर जातात. डॉक्टरांचा हुकूमच आहे धाकटीला. मी बाकावर बसते. सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. धाकटीच्या अंगात अजून म्हणावी तशी ताकद नाही, आणि थोरलीला ते पक्कं माहीत आहे. म्हणून ती मुद्दाम भरभर चालते.

"ताई, हळू! दम लागतो!"

"बारीक माणसाला कसला आलाय दम?" थोरली मागे न बघता ओरडते.

काल मी तिला विचारलं, रक्ताच्या चिठ्ठीचं काय केलंस?

"जाईन गं," ती घाम पुसत म्हणाली. "आधी हिला दोन फेऱ्यांनी हरवू दे. मग काय टोचायचं ते टोचा."