पुढची चाकं सोडायची राहिली तो दिवस

काल आमचे हे गेले.

आता या घरात माझ्याशी बोलणारं कोणी नाही. टीव्ही आहे, पण तो माझं ऐकत नाही.

सकाळपासून मेसेज येताहेत. सगळे लिहितात, "फार शांत माणूस होता."
शांत कसले? घुमे होते. साठ वर्षं मी काढली आहेत, मला विचारा.

मी आगरची. आमच्याकडे होड्या, जाळी, अंगणात वाळणारे बोंबील. हे रानशेतचे, भात-नाचणी पिकवणाऱ्या घरातले. सन साठ-एकसष्टच्या सुमाराला आम्ही आमच्या मर्जीने लग्न केलं. आगरच्यांनी दार लावून घेतलं. रानशेतच्यांनीही लावलं, उगाच मागे का राहा!

डहाणूत एक खोली घेतली. मासळीबाजारात माझी सख्खी आई समोरून यायची आणि मान वळवून निघून जायची.

म्हणजे अख्ख्या जगात मला बोलायला हा एकच माणूस. आणि तोही घुमा.

हे एका शेठचा ट्रक चालवायचे. मिलिटरीने लिलावात काढलेला, जुना. जाताना माझी सुकी मासळी तलासरीच्या बाजाराला, येताना झरीकडचं गवत. मी केबिनमध्ये यांच्या शेजारी. खरं सांगू, खोलीपेक्षा तेच आमचं घर होतं.

त्या ट्रकला एक जादा दांडा होता. तो ओढला की पुढची चाकंही इंजिनला जोडली जायची.

झरीच्या वाटेवर एक ओहोळ लागायचा. पूल नव्हता. हे पाण्याच्या अलीकडेच गाडी उभी करायचे, क्लच दाबायचे आणि मगच दांडा ओढायचे.

"चिखलात चाकं गरागरा फिराया लागल्यावर वडला ना, तर आतले दात मोडतील," असं एकदा मला म्हणाले होते. यांच्या मानाने ते भाषणच.

पलीकडे कडक रस्ता आला की आठवणीने दांडा परत ढकलून पुढची चाकं सोडायची. चिखलात चाकं जरा घसरतात, त्यामुळे निभावतं. कडक रस्त्यावर घसरायला जागा नाही. वळणावर पुढची आणि मागची एकमेकांना ओढतात, आत ताण बसतो आणि दांडा अडकतो.

मला हे सगळं पाठ, कारण आठवण करायचं काम माझं होतं. ओहोळातून वर आलो की मी विचारायचे, "पुढची सोडली का?"
हे म्हणायचे, "सोडली."
कधी कधी दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच.

मग आमचा अबोला झाला.

आगरला माझ्या भावाचं लग्न ठरलं होतं. मी म्हटलं, येताना एकदा दारावरून गाडी घ्या.
हे म्हणाले, "बोलावलंय का तुला?"
बोलावलं नव्हतंच. म्हणून तर लागलं.

मी तोंड मिटलं. यांनी तर आधीच मिटलेलं होतं. त्या आठवड्यात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे फक्त गिऱ्हाईक.

त्याच आठवड्यात झरीहून गवत भरून निघालो. ओहोळ ओलांडला. मी विचारलं नाही. आणि कोणी विचारलं नाही म्हणून यांनी सोडली नाहीत!

स्टिअरिंग जड झालं. वळणावर टायर कुरकुरले. हे दांडा ओढतात, ढकलतात, पण तो हलेल तर शपथ.

शेवटी चढावर गाडी थांबवली. मला ठाऊक होतं आता काय करायचं. जोर लावायचा नाही. थोडं सरळ रिव्हर्स घ्यायचं, ताण उतरतो, दांडा आपसूक सुटतो.

पण मागे उतार, आणि वळणाच्या कडेला खोल घळ. गवताचे भारे एवढे बाहेर आलेले की मागचं काही दिसत नव्हतं.

हे स्टिअरिंगला म्हणाले, "मागं कोनी बघंल तर बरं होईल."

मी उतरले. मागे जाऊन फळीवर एक थाप मारली, म्हणजे या. ट्रक मागे यायला लागला.

चाक कडेशी आलं. मी दोन थापा मारल्या, म्हणजे थांबा. परत मारल्या. आता इंजिनचा घरघराट वाढलेला आणि मध्ये सगळं गवत, थाप कुठली ऐकू जाते!

कडेची माती सुटायला लागली.

"अहो, थांबा! थांबा!"

केवढ्याने ओरडले असेन. ट्रक जागच्या जागी उभा राहिला. मी तिथेच मटकन बसले.

केबिनमधून आवाज आला, "सुटली गो!"

मी रडत होते. हे दोन दगड घेऊन खाली आले, ते चाकांना लावले आणि माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "तू इचारलं नाही तर माझ्या ध्यानातच येत नाय. तू बोलणं सोडू नको. मला काय दुसरं कोन हाये?"

तोपर्यंत मला वाटायचं, एकटी मीच आहे.

त्या संध्याकाळी यांनी न विचारता ट्रक आगरला वळवला. मी दार वाजवलं. आत बायका बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. दार उघडलं नाही.

परत आले तर हे गाडी चालू ठेवून बसले होते.  डहाणूपर्यंत हा घुमा माणूस एकटाच बोलत राहिला. भाताचं, बैलांचं, लहानपणी झाडावरून पडल्याचं. मी आयुष्यात यांचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं.

काल, माणसं जमायच्या आधी, मी यांच्याजवळ बसून बोलले. आईचं बोलले. गॅस संपत आलाय तेही सांगितलं.

जरा थांबले. मग आवाज चढवून परत सांगितलं.

साठ वर्षांत खूप अबोले झाले आमचे. प्रत्येक वेळी दोघांतलं कोणीतरी हरायचं आणि बोलायचं. या वेळी मी हरायला तयार होते.

अहो, सांभाळून जा.
माझा शेवटचा नमस्कार.