मेश्रामबाई खरवडतात

मेश्रामबाईंनी पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी नमस्कार केला, माझं नाव सांगितलं, मुलीचं सांगितलं. त्या माझ्या चपलांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमचा डावा पाय बाहेर पडते." बाई विक्षिप्त आहेत अशी मी नोंद घेतली. घरी आल्यावर चपला उलट्या करून पाहिल्या, तर डावी टाच उजवीपेक्षा चांगली दोन मिलिमीटर जास्त झिजलेली. बाई विक्षिप्त होत्याच, पण चुकीच्या नव्हत्या. पुढची तीन वर्षं माझी अडचण नेमकी हीच होती.

माझी मुलगी ईरा येरवड्यात बॅले शिकायला जायची. मंगळवार-शुक्रवार, साडेपाच ते सात. खाली फरश्यांचं दुकान, वर हॉल, हॉलमध्ये लाकडी दांड्याला धरून उभ्या पंधरा मुली, आणि भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीत मेश्रामबाई. नागपूरकडच्या सरकारी शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि आयटीतल्या मुलाकडे पुण्याला आल्या. मुलाचा फ्लॅट हॉलच्या समोरच होता. बाल्कनीतून त्यांना या मुली दिसल्या. एक दिवस रस्ता ओलांडून वर आल्या, शिकवणाऱ्या ताईंना विचारून बसल्या, त्या बसल्याच. त्यानंतर त्यांनी दुसरं काहीही रंगवलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आयुष्यभर पोरांकडून फुलदाणी काढून घेतली. फुलदाणी काही शिकत नाही, भाऊ."

ईराचं चित्र त्यांनी स्वतःहून काढायला घेतलं. तीन फूट बाय दोन फूट, तैलरंगात. किती दिवस लागतील, असं मी विचारलं. "होईल न," म्हणाल्या. मी कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. आमच्याकडे साध्या बोल्टलासुद्धा तारीख असते. "होईल न" ही तारीख नव्हे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला चहा दिला.

त्यांची पद्धत अशी, की चित्र पायांपासून सुरू करायचं. आधी टाचा आणि बोटं, मग घोटा, गुडघा, कंबर, असं वर जायचं. खांद्यापर्यंत पोचेस्तोवर दोन-तीन महिने जात. तोवर ईराची टाच आधीपेक्षा वर जायला लागलेली असे. मग बाई पातळ सुरी घेऊन पाय खरवडून टाकत आणि पुन्हा तळापासून सुरुवात. "पोरगी पुढं गेली न. चित्र मागं राहून चालते का?" दोन वर्षांत हे अकरा वेळा झालं. अकराच, कारण मी मोजत होतो. चेहऱ्यापर्यंत त्या एकदाही पोचल्या नाहीत. बाकीच्या मुलींचंही तेच. बाईंच्या फ्लॅटमध्ये मुंडकं नसलेल्या चौदा मुली भिंतीला टेकून उभ्या असत. माझी बायको मीनल म्हणाली, लोक मुलींची चित्रं टांगतात, आपण पायांची वाट बघतोय.

मी उपाय सुचवला. जे चित्र ज्या दिवशी झालं, त्या दिवसापुरतं ते बरोबरच असतं. खाली तारीख घाला आणि मोकळ्या व्हा. बाईंनी दया आल्यासारखं पाहिलं. "तारखेसाठी फोटो असते, भाऊ." एकदा प्रदर्शन भरवणारे एक गृहस्थ आले, चित्रांवर खूश झाले आणि निदान चार पूर्ण करून द्या म्हणाले. बाईंनी त्यांनाही चहा दिला. मी जिन्यात त्यांना गाठून म्हणालो, अहो, इथे चित्राऐवजी चहाच मिळतो.

मग ईरा पडली. उडी मारून उतरताना पाय मुडपला आणि घोट्याचा लिगामेंट फाटला. सहा आठवडे प्लास्टर. चालता येईल, पण बोटांच्या टोकावर उभं राहण्याचं आत्ता काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ईरा सतरा वर्षांची. घरी येऊन तिनं बॅलेचे बूट कपाटात आतल्या बाजूला ठेवले.

मी सरळ मेश्रामबाईंकडे गेलो. म्हटलं, आता तरी चित्र पूर्ण करा. पोरीला काहीतरी राहू दे. बाई म्हणाल्या, थांबा. तेव्हा माझा आवाज चढला. इतके दिवस ती पुढे जात होती म्हणून थांबलात, आता ती पुढे जाणार नाही, आता कशासाठी थांबायचं? ईरासमोर कधीही न बोललेले हे शब्द माझ्या तोंडून गेले. बाई बराच वेळ ब्रश पुसत राहिल्या.

"करते पूर्ण," त्या म्हणाल्या. "पण पहिले तिला विचारा."

मी विचारलं नाही. वडील म्हणून ठरवलं आणि बाईंना करा म्हणून सांगितलं.

दोन वर्षांत जे झालं नाही ते बाईंनी नऊ दिवसांत केलं. चित्र उत्तम होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. घागऱ्यासारखा फुगलेला पांढरा झगा, मानेची रेघ, चेहरा, थोडं घाबरलेले डोळे. खाली सही. मी बैठकीच्या खोलीत मध्य काढून, पातळी तपासून ते टांगलं. ईरानं कुबड्यांवर उभं राहून पाहिलं आणि आत गेली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, माणूस गेल्यावर फोटो लावतात, तसं लावलंयस तू."

मीनलनं ताट बाजूला सारलं. मी उठून चित्र उतरवलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षात गुडघ्यांवर धरून ते परत नेलं. दहा भाषणं तयार होती. बाईंनी एकही करू दिलं नाही. चित्र रंगवायच्या लाकडी घोडीवर ठेवलं, प्लास्टर कधी निघणार तेवढं विचारलं, आणि सुरी घेऊन सही खरवडली. मग पाय. चेहरा राहू दिला. "एवढा राहू दे. भीती बरोबर आली आहे." ईरा पुढच्या आठवड्यात कुबड्या घेऊन त्यांच्याकडे गेली आणि दोन तास बसून आली. काय बोलणं झालं, ते दोघींनी मला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी बाईंचा मुलगा परदेशी गेला आणि त्या नागपूरला आपल्या घरी परतल्या. ईराचं चित्र अर्थातच बरोबर गेलं. मला वाटलं, सुटलो. पहिल्याच रविवारी सकाळी दहाला फोन. "जय भीम, भाऊ. टाच किती वर येते आता?" मी म्हटलं, बरीच येते. "बरीच म्हणजे? तुम्ही मापवाले न?" तेव्हापासून दर रविवारी मी स्वयंपाकघरात फरशीवर ओणवा होऊन स्टीलच्या पट्टीनं मुलीची टाच मोजतो आणि नागपूरला कळवतो. बाई त्याप्रमाणे पाय बदलतात. आठवड्याचा फरक चित्राच्या प्रमाणात एक मिलिमीटरही भरत नाही, हे मी त्यांना हिशेब करून सांगितलं. त्या म्हणाल्या, मंग बारीक ब्रश घेते. या बाईंशी वाद घालून मी एकदाही जिंकलेलो नाही.

परवाच्या रविवारी आकडा चार मिलिमीटरनं कमी आला. आदल्या दिवशी फिजिओथेरपीत पायावर ताण जास्त पडला होता. मी दोनदा मोजलं. फोन लावताना मनात आलं, मागच्या आठवड्याचाच आकडा सांगून टाकावा. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी कुठल्या मापात फेरफार केलेला नाही. ईरा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"खरं सांग, बाबा. त्यांना चित्रातल्या पायात दिसेल."

मी खरं सांगितलं. पलीकडून बाई म्हणाल्या, "बरं. खाली घेते. कमी झालं तरी घ्यावंच लागते न." आणि फोन बंद करायचा विसरून त्या कामाला लागल्या. कॅनव्हासवर सुरी घासल्याचा आवाज यायला लागला. आम्ही दोघं तो ऐकत उभे होतो; फोन ठेवावा, हे आम्हालाही सुचलं नाही. ईरानं एका हातानं ओटा धरला, दात आवळले आणि टाच पुन्हा उचलली.

"मोज," ती म्हणाली.