लोखंडी कडीतली गाठ

हा ग्रुप मी सहा-सात वर्षं वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर इथल्या निम्म्या अनुभवांवर मी मनातल्या मनात हसलो आहे. आमच्या गावात रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवणारी माणसं नव्हती, पण तीच माणसं दर्यावरच्या भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगायची. तेव्हाही मी हसायचो. एक्कावन्न वर्षांचा इंजिनियर माणूस आहे मी, माझा विश्वास ड्रॉइंगवर आणि कॅल्क्युलेशनवर. पण गेल्या फेब्रुवारीत जे झालं ते... घाबरलो म्हणून लिहीत नाहीये. त्या दिवशी मला भीती वाटलीच नाही. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी मूळचा वसईच्या पाचूबंदरचा, ख्रिश्चन कोळी. गेली चौदा वर्षं ॲडलेडला, मॉसन लेक्समध्ये राहतो. बायको ग्लोरिया नर्स आहे. आई गेल्यावर पप्पांना आम्ही तीन महिन्यांसाठी इकडे बोलावून घेतलं. पप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांचं सगळं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर गेलं. ते आमच्या कोळी बोलीत बोलतात, इथे सगळ्यांना कळावं म्हणून मी साध्या मराठीत लिहितो.

एअरपोर्टवर ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या बॅगेला जाळ्याचा हिरवा नायलॉनचा दोर करकचून बांधलेला होता. आजूबाजूचे लोक बघत होते... म्हणजे मला तसं वाटलं. कारपार्कमध्ये मी तो सोडवायला गेलो. सुटेना. पप्पांची गाठ तशीच असते - फेरा झाला की उरलेलं टोक दोनदा पिळून उलटं आत खुपसायचं. तरुणपणी एकदा त्यांची बोट रात्रीत सुटून वाहून गेली होती, तेव्हापासून ते प्रत्येक गाठ तशीच मारतात. बंदरावर दुसरं कोणी तशी मारत नाही. मी वैतागून टूलबॉक्समधली कटर काढली आणि दोर कापला.

"गाठ कापायची नसते रे," पप्पा म्हणाले. "हे बघ, शेपूट धरायचं आणि स्वतःकडे नाही, गाठीच्या पोटाकडे ढकलायचं. मग पोरगंसुद्धा सोडवेल." उरलेल्या तुकड्यावर त्यांनी मला करून दाखवलं. मी "हो हो" म्हणत पार्किंगचं मशीन शोधत होतो.

पप्पांना इथलं सगळं आवडलं, पण दोन महिने समुद्र नुसता किनाऱ्यावरून बघून ते कंटाळले. इथल्या ग्लेनेल्ग किनाऱ्याच्या जेटीवर उभं राहून म्हणायचे, "हे म्हणजे ताटाला हात न लावता वास घेत बसायचं." म्हणून मी एक डे ट्रिप बुक केली. साडेतीन तास गाडी, मग दीड तास बोट, पुढे एक ओसाड, खडकाळ बेट. तिथे माणूस राहत नाही. सील, पक्षी आणि जुन्या दीपगृहवाल्यांच्या घराच्या चार भिंती, एवढंच. एका वेळी फक्त आठ जणांना नेतात. दोन सीट मिळाल्या. बेटाचं नाव देत नाही, त्या लोकांची यात काही चूक नाही.

पप्पांनी आठ दिवस आधी नखं कापली. हसू नका, बोटीवर जायच्या आधी ते नेहमी कापतात. टोपी धुऊन खुर्चीवर वाळत घातली.

आणि मग ऑफिसमध्ये माझा मॅनेजर, ब्रेट, लंचला म्हणाला की त्या बेटावरच्या पक्ष्यांचे फोटो काढायचं त्याचं कधीचं स्वप्न आहे, पण बुकिंग मिळत नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं. पर्मनंट करायचं की नाही हे ब्रेटच्या हातात होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे एक सीट जास्तीची आहे, मेट."

असं वाटू शकेल की नोकरीसाठी नाइलाज होता. नव्हता. ब्रेटला मी पूर्वी सांगितलं होतं की माझे वडील 'शिपिंगमध्ये' होते, आणि त्याने ते मर्चंट नेव्ही असं समजून घेतलं होतं. मी दुरुस्त केलं नव्हतं. पप्पांना आणि ब्रेटला एका बोटीत बसवायचंच नव्हतं मला. हे मी पहिल्यांदा कुठेतरी कबूल करतोय.

गुरुवारी मी पप्पांना सांगितलं, "त्यांचा ईमेल आलाय. सत्तरच्या वरच्यांना नेत नाहीत. इन्शुरन्सचा नियम आहे."

"सत्तरच्या वर नाही? बोटीवर?" पप्पांनी विचारलं. मग म्हणाले, "असेल. परक्या मुलखातला नियम. आपण कोण मोडणार."

ग्लोरियाने आत येऊन माझ्याकडे नुसतं पाहिलं. "जेरी, हे तू निस्तर," एवढंच म्हणाली.

शनिवारी पहाटे पप्पांनी स्वतः उठून तळलेल्या मासळीचा डबा बांधून दिला. वर सांगितलं, "खडकावर उतरताना घाई करू नको. मोठी लाट जाऊ दे, मग पाय टाक." ब्रेट गाडीत बसायच्या आधी तो डबा मी पेट्रोल पंपाच्या कचऱ्याच्या पेटीत टाकला. गाडीला वास नको म्हणून.

आता बेटावरचं. आम्ही आठ जण, एक स्किपर आणि केली नावाची गाइड. चाळिशीची, उन्हाने रापलेली, कडक बाई. बोटीवर तिने सगळ्यांचे बूट ब्रशने घासून घेतले, सॉक्समधून गवताचं बी जाऊ नये म्हणून पँटच्या दुमडी उलट्या करून पाहिल्या. सगळ्यांचे फोन एका वॉटरप्रूफ बॅगेत घालून बोटीवरच ठेवले. मोठी बोट बाहेर नांगरून रबरी होडीने खडकाच्या एका खाचेत उतरायचं होतं. तिथे खडकात एक जुनी लोखंडी कडी आहे, होडी तिला बांधायची. केलीने माझ्यादेखत बांधली - साधी, झटपट गाठ.

आमच्यात जोन नावाची एक म्हातारी होती. निळी टोपी, काठीसारखी बारीक. "सेव्हन्टी-नाइन, डार्ल, आणि गुडघे दोन्ही ओरिजिनल!" असं ती प्रत्येकाला ऐकवत होती. ती वय सांगायची तेव्हा प्रत्येक वेळी मी समुद्राकडे बघायचो.

तीन तास फिरलो. सगळे सतत केलीच्या मागे, एका ओळीत. कोणी बाजूला झालं की ती ओरडायची. दोनच्या सुमाराला खाली आलो तर वारा फिरला होता आणि खाचेत पाणी चांगलंच उसळत होतं. केली कडीजवळ वाकली आणि तशीच राहिली.

"माझ्या दोराला कोणी हात लावला?"

ती उठून आमच्याकडे वळली.

"मी खेळत नाहीये. ही माझी गाठ नाही. दोर कोणी लांब सोडलाय, खडकाला घासू नये म्हणून वरून फेरा दिलाय... मी बांधला होता तसा राहिला असता तर आत्तापर्यंत तुटून होडी गेली असती. काम चोख आहे, पण केलं कोणी?"

मी पुढे होऊन पाहिलं. टोक दोनदा पिळून उलटं आत खुपसलेलं होतं.

ब्रेट माझ्या खांद्यावर हात मारून म्हणाला, "जेरी, तुझे वडील नेव्हीतले ना? कबूल कर, तूच हळूच येऊन बांधलीस!"

"छे," मी म्हणालो. "मला गाठीबिठीतलं काही कळत नाही."

एकेक जण होडीत उतरायला लागला. केली होडीत उभी राहून हात देत होती. जोनची पाळी आली, तिने पाय टाकला आणि त्याच वेळी होडी खाली गेली. तिचा पाय खडक आणि होडीच्या मधे, हवेत. केलीचा हात पोहोचला नाही. मी जोनच्या मागे चार पावलांवर होतो आणि माझे दोन्ही हात सॅकच्या पट्ट्यांवर होते. पण ती पडली नाही. तिचा डावा हात वर ताणलेला राहिला, कोणीतरी मनगटाला धरून ठेवावं तसा. एक लाट येऊन गेली. मग ती अलगद होडीत बसली.

वळून मला म्हणाली, "थँक्यू, डार्ल. पण हात किती खरखरीत रे तुझे! शेतीबिती करतोस का?"

"हा?" ब्रेट हसला. "याने कीबोर्डशिवाय काही धरलेलं नाही!"

सगळे हसले. मीही हसलो.

शेवटी दोर सोडवायचा होता. केलीला गाठ सुटेना. लाटा वाढत होत्या, स्किपर मोठ्या बोटीवरून रेडिओवर घाई करत होता. मी कडीपासून हातभर अंतरावर बसलो होतो. शेपूट गाठीच्या पोटाकडे ढकलायचं, बस... मला माहीत होतं. पण मी सोडवली असती तर ब्रेटने विचारलं असतं, कुठे शिकलास. केलीने चाकू काढला आणि दोर कापला. गाठ कडीतच राहिली.

घरी पोहोचलो तेव्हा साडेसात वाजले होते, अजून ऊन होतं. पप्पा मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, उजवा तळवा अंगठ्याने चोळत.

"त्या बाईला लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या बाईला?"

"निळ्या टोपीच्या. मनगट केवढंसं ते. मोडतंय की काय वाटलं."

मी खांद्यावरची सॅक खाली ठेवली.

"आणि दोर कापू द्यायला नको होतास," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुला दाखवली होती ना, कशी सुटते ती?"

"पप्पा..."

"वय काय असेल रे तिचं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. हो - तेव्हासुद्धा. दिवसभर ऐकलेला आकडा मला माहीत नव्हता.

"माझ्याहून थोरली आहे," पप्पा म्हणाले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. "म्हणजे नियम बोटीचा नव्हता." आणि पाय धुवायला नळाकडे गेले.

मी सगळं तपासून पाहिलं आहे. ग्लोरियाने सांगितलं की जेवण झाल्यापासून चारपर्यंत ते त्याच खुर्चीवर झोपले होते. दोन वाजता तिने चहासाठी दोनदा हाक मारली, हलवूनही पाहिलं, पण ते उठले नाहीत. श्वास चालू होता म्हणून तिने तसंच राहू दिलं. माझा फोन पिशवीत बंद होता. ब्रेटने कॅमेऱ्यातले फोटो पुढच्या आठवड्यात पाठवले, त्यात पक्षीच पक्षी, जोन एकातही नाही. घरी येऊन मी बेटाबद्दल एक अक्षरही बोललो नव्हतो. ग्लोरियाने पप्पांना हळूच विचारलं, तर म्हणाले, "डोळा लागला होता. बांधलेली बोट बरोबर दिसेना, म्हणून नीट केली."

त्यानंतर ते तीन आठवडे राहिले. समुद्रावर चला म्हटलं की "ऊन फार आहे" म्हणायचे. जूनमध्ये मला पर्मनंट केलं. ब्रेट अजून लोकांना सांगतो, याचे वडील नेव्हीत होते.

इथले जाणकार काहीतरी सांगतीलच - टेलिपथी, अमुक, तमुक. सांगा, मी वाचेन. मला स्वतःला उत्तर मिळालेलं नाही आणि आता मी शोधतही नाही. कारण पप्पा सुखरूप आहेत, पाचूबंदरला. फोन केला की उचलतात. ज्या गोष्टीचं उत्तर माझ्याकडे आहे ती त्यांना सांगायला कुठल्याही चमत्काराची गरज नाही, दोन मिनिटं पुरतील. एक वर्ष होत आलं. तुम्हा अनोळखी लोकांना सांगून झालं, त्यांना नाही.

परवा रविवारी ग्लोरियाने किचनमध्ये फोन स्पीकरवर ठेवला होता. मी भांडी घासत होतो.

"पप्पा, यंदा पुन्हा या ना," ती म्हणाली. "तिकीट काढू का?"

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. ते बंदरावर असावेत.

"जेरीला विचार बाय," पप्पा म्हणाले. "सत्तरच्या वरचे चालतात का."

ग्लोरियाने फोन माझ्यापुढे धरला. माझे हात साबणाचे होते. मी नळ आणखी मोठा सोडला.