पुढचं टेबल

मे महिन्याच्या सुट्टीत मी जुईनगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर शाळेतल्या माझ्या वर्गांसाठी वर्षभराचे चित्रकलेचे प्रकल्प आखायचे. पार्सलची खोकी कापून प्रत्येक वस्तू आधी स्वतः करून बघायची. बोथट कात्रीने पुठ्ठा कापला जातो का, मैद्याची खळ किती वेळात धरते, तासाभरात आवरतं का. घरातले म्हणायचे, हिला सुट्टीतही शाळा सुटत नाही. खरंच सुटत नव्हती.

माझी सगळी खटपट एका गोष्टीसाठी होती: मुलांनी स्वतःच्या हाताने काहीतरी करावं. आमच्या शाळेत ‘प्रोजेक्ट’ म्हणजे मुलाने करायची गोष्ट नव्हतीच. पालकांच्या ग्रुपवर सूचना पडली की संध्याकाळपर्यंत ती कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे पोचायची. तो चार दिवसांत प्रोजेक्ट तयार ठेवायचा, वर प्लॅस्टिकचं कव्हर आणि मुलाचं नाव चिकटवून. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ट्यूशनमधून मुलाला वेळ कुठे मिळतो, असं आया मला समजावून सांगत.

म्हणून त्या वर्षी सातवीला मी दुकानात मिळणारच नाही असा प्रकल्प दिला. घरातल्या एका माणसाची रोजची अडचण बघा, तिचं चित्र काढा आणि ती सुटेल अशी पुठ्ठ्याची वस्तू करा. ते वर्गातच करून घ्यायचं होतं, पण माझे तास गणिताच्या उजळणीला गेले आणि काम घरी द्यावं लागलं. तरी मी निर्धास्त होते. प्रत्येक घरची अडचण वेगळी, स्टेशनरीवाला काय काय करणार?

त्याने सगळ्यांना मोबाइल स्टँड करून दिला. कुणाच्या आजोबांचे गुडघे दुखत होते, कुणाची आई दोन शिफ्ट करत होती, सगळ्यांवर उपाय एकच, चमकी लावलेला.

एका मुलीने मात्र स्वतः केलं होतं. ती करावे गावातली. तिची आजी नाक्यावर बसून खाडीतले निवट्या मासे आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकायची. चिंबोऱ्या टोपलीतून बाहेर येतात आणि त्या धरताना आजीला सारखं वाकावं लागतं, ही तिची अडचण. मुलीने पुठ्ठ्याची खणांची पेटी केली होती, पुढची बाजू उतरती, कडा आत वळवलेल्या. आतून-बाहेरून मेणबत्तीचं मेण घासलं होतं, पाणी लागू नये म्हणून. एक कोपरा उचकटलेला आणि खळीचे डाग सगळीकडे. सोबतच्या चित्रात आजीची पाठ होती, एकाच रेषेत काढलेली, खोडरबर न लावता. इतक्या वर्षांत मला तशी रेषा काढता आलेली नाही. मला इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवत सुटले.

प्रदर्शनाच्या दिवशी मी पेटी पुढच्या टेबलावर मधोमध ठेवली. मुख्याध्यापिका फेरी मारायला आल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. पाहुणे येणार आहेत, पुढे जरा नीटनेटकं ठेवू या, एवढंच म्हणाल्या, आणि शिपायाने पेटी खिडकीखाली मागच्या बाकावर नेली. मी वाद घातला. मग घंटा झाली, पाहुणे आले. फोटो पुढच्या टेबलाचे निघाले, प्रमाणपत्र चमकीला मिळालं. मुलगी आणि तिची आई बराच वेळ मागच्या बाकाजवळ उभ्या होत्या. मी जवळ जाऊन तोंडभर कौतुक केलं. आई नुसती हसली. तिची नजर पुढच्या टेबलावर होती.

पुढच्या वर्षी आठवीच्या प्रदर्शनाला ती मुलगी प्लॅस्टिकच्या कव्हरातला आकाशकंदील घेऊन आली. त्यावर तिचं नाव छापलेलं होतं. तू केलास का, हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

“नाय टीचर, आयनं दुकानातून करून आनला,” ती म्हणाली. लपवण्यासारखं काही आहे, असं तिला वाटत नव्हतं. “औंदा चांगला हाय ना?”

हो म्हणाले. कंदील पुढच्या टेबलावर गेला, तिचं नाव पुकारलं गेलं. तिची आई ठेवणीतली साडी नेसून आली होती, तिने मलाही ओढून फोटोत घेतलं. त्या दोघी इतक्या खूश होत्या की मला राग कुणावर काढावा ते कळेना. स्टेशनरीवाल्यावर काढला. त्यानेही काही फरक पडला नाही.

त्यानंतरच्या तासाला मी वर्गात नुसते कोरे कागद वाटले. घरातलं कुणीही माणूस काढा, म्हटलं. बाकांमधून फिरत तिच्यापाशी आले तेव्हा तिचा कागद कोराच होता. पेन्सिल, पट्टी आणि नवं खोडरबर एका ओळीत मांडून ती माझीच वाट बघत होती.

आजीला काढ ना, मी म्हणाले.

“तुमी पैलं फळ्यावर काडून द्या ना, टीचर. मी बघून काडते. माजं वाकडं येतं.”

बाकीच्यांनीही होकारार्थी माना हलवल्या. मी खडू घेतला आणि फळ्यावर एक आजी काढून दिली.