गोधडीचं दुसरं टोक

अगं, फोन जरा कानाशी धर आणि नीट ऐक. नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतेस, त्यानं माझं भागत नाही.

सुई आता बोटांत ठरत नाही, म्हणून परवा गोधड्या शिवायचं मशीन बघायला गेले. नवं परवडणारं नव्हतं, हे वापरलेलं होतं. विकणारी बाई माझ्याच वयाची. घरून नेलेली गोधडी घालून बघितली. टाका सुरेख, पण गोधडी स्वतःच्याच वजनानं खाली ओढली जायची आणि शिवण वाकडी व्हायची. तेव्हा त्या बाईनं दुसरं टोक उचलून धरलं.

"आमचे हे धरायचे," ती म्हणाली. "ते गेले, तसं मशीनही नुसतं पडून आहे. तुमच्याकडे कोण आहे?"

"मांजर आहे. ते गोधडीवर बसून वजन तेवढं वाढवील."

दोघी हसलो, आणि हसूनही दमलो.

हातानं शिवायचो तेव्हा चौघी चार बाजूंना बसायचो, गोधडी जड असते हे कधी कळलंच नाही. आता टाके मशीन घालील गं, पण धरायला माणूसच लागतं.

तरी घेतलंय मी ते. उद्या टेम्पोतून येईल. तू लवकर ये, आणि चार दिवस राहायच्या बोलीनं ये.