माझ्यासाठी प्रार्थना करू नका

"आपल्या वर्गात एक गरीब मुलगी आहे. तिचे वडील आपल्या शाळेचे संडास धुतात. देवा, तिला स्वच्छ राहायला शिकव. तिच्या वडिलांची दारू सुटू दे."

हे सगळं इंग्रजीतून म्हटलं गेलं. पाचवीचा वर्ग, सकाळची प्रार्थना. म्हणणारी मृणाल. शनिवार पेठेतल्या डॉक्टरांची मुलगी. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आवाज एकदम गोड. तिने माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "लॉर्ड, हिअर अवर प्रेयर."

मीही दिलं. सवयीने. शब्द तोंडातून निघून गेल्यावर कळलं की ती मुलगी मी आहे.

"व्हेरी ब्यूटिफुल, मृणाल," मिस म्हणाल्या. मग आम्ही खाली बसलो आणि गणिताचा तास सुरू झाला. माझे कान गरम झाले होते. मी फ्रॉककडे बघितलं. स्वच्छ होता. आईने आदल्या संध्याकाळीच धुतला होता.

आमची शाळा कॅथलिक, मुलींची. तिथे पद्धत होती की रोज हजेरीच्या क्रमाने एका मुलीने पुढे येऊन प्रार्थना घ्यायची. आधी क्रुसाची खूण, मग ठरलेली प्रार्थना, आणि शेवटी आपल्या मनातली विनंती. कोणी आजीच्या गुडघ्यांसाठी मागायचं, कोणी परीक्षेसाठी, कोणी मॅचसाठी. विनंती संपली की वर्गाने ते एक वाक्य म्हणायचं. पेठांतून रिक्षाने येणाऱ्या हिंदू मुलीही म्हणायच्या. त्यांच्या घरच्यांना इंग्रजी हवं होतं, त्याबरोबर येशूही आला तर त्यांची हरकत नव्हती. दिवसच तसे होते. ज्याच्या त्याच्या तोंडी कंप्युटर आणि अमेरिका. शाळेतही एक कंप्युटरची खोली झाली होती. चपला बाहेर काढून आत जायचं. ती खोली बाबा पुसायचे. मशीनला हात लावायचा नाही, अशी त्यांना ताकीद होती.

बाबा दारू पीत नव्हते. कधीच प्यायले नाहीत. डोळे लाल असायचे ते ॲसिडने. संडासात दिवसभर ॲसिड ओतणाऱ्या माणसाचे डोळे आणखी कसे असणार? पण लाल डोळे आणि हातात खराटा एवढं दिसलं की लोक बाकीचं स्वतःच ठरवतात.

शाळेत सगळ्या मुली त्यांना मामा म्हणत. मीसुद्धा, ते माझे वडील आहेत हे सगळ्यांना माहीत असूनही. पहिल्या दिवशी गेटपाशी बाबांनीच मला बजावलं होतं, "हितं मला बाबा म्हणायचं न्हाई. मामा म्हणायचं." मी विचारलं नाही का ते. काही गोष्टी आमच्या घरात न विचारताच समजत. मधल्या सुट्टीत ते व्हरांडा पुसत असले की मी ओलं टाळून बाजूने जायची. ते मान वर करायचे नाहीत.

आम्हीही कॅथलिकच. आजोबांनी नगरकडच्या गावात बाप्तिस्मा घेतला. गावाने जे दिलं नाही ते देव देईल, असं त्यांना वाटलं असणार. देवाचं नाव बदललं, आमचं काम तेच राहिलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही आम्ही मागच्या बाकांवर. कोणी बसवत नसे. आम्हीच बसायचो, आणि पुढे जागा असली तरी कोणी या म्हणायचं नाही. स्वारगेटच्या मागच्या वस्तीत आमची एक खोली होती. तिथे रोज संध्याकाळी आई मराठीतून प्रार्थना म्हणायची आणि मला ती सगळी पाठ होती. वर्गातल्या कोणाहीपेक्षा मला देवाशी बोलता येत होतं. पण माझा नंबर आला की मिस म्हणायच्या, "यू सिट. युअर प्रनन्सिएशन." आणि पुढच्या मुलीला बोलवायच्या.

तो ईस्टरआधीचा उपवासकाळ होता. या दिवसांत दया करायची असते. मृणालचं कौतुक झालं आणि बाकीच्यांना रस्ता सापडला. दुसऱ्या दिवशी माझ्या केसांसाठी प्रार्थना झाली. नंतर माझ्या डब्यासाठी. नंतर माझ्या उच्चारांसाठी. मग परत बाबांच्या दारूसाठी. कोण जास्त दयाळू, याची चढाओढच लागली. रोज सकाळी हात जोडून उभं राहायचं आणि वाट बघायची, आज माझं काय निघतंय. मी थकले. दहा-अकरा वर्षांची मुलगी दमते ती खेळून दमते. मी दयेने दमले होते. घरी सांगितलं नाही. बाबांना काय सांगणार? तुमच्या दारूसाठी सगळा वर्ग देवाकडे गेलाय, असं?

मग मुख्याध्यापिका सिस्टर आमच्या वर्गाची प्रार्थना बघायला येणार असं ठरलं. मिसनी मला जवळ बोलावलं. "उद्या तू प्रेयर घेणार." शेवटची विनंतीही त्यांनीच पाठ करून घेतली. देवा, मला इतक्या प्रेमळ मैत्रिणी दिल्यास, त्यांना आशीर्वाद दे. माझ्याकडून ती पुन्हापुन्हा म्हणवून घेतली. उच्चारांवर बोट ठेवून.

सकाळी सिस्टर मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. मी पुढे गेले. क्रुसाची खूण केली. ठरलेली प्रार्थना म्हटली, एकही चूक न करता. मग विनंती आली. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. बाबा बादली घेऊन चालले होते. माझा आवाज ओळखून थांबले.

पाठ केलेलं सगळं आठवत होतं. मी ते विसरले असं कोणी समजू नये.

मी म्हटलं, "माय फादर डझ नॉट ड्रिंक."

मी खिडकीकडे बोट केलं.

"दॅट इज माय फादर. ही इज नॉट मामा. प्लीज, डोन्ट प्रे फॉर मी."

आणि सगळ्या वर्गाने, सवयीने, हात जोडून, एका सुरात म्हटलं, "लॉर्ड, हिअर अवर प्रेयर."

त्या वर्गात माझी अशी तेवढी एकच प्रार्थना झाली. मागून कोणीतरी खुदकन हसलं. मृणालने डोळे उघडले. मिसचा चेहरा पडला.

नंतर ऑफिसात बाबांना बोलावलं. सिस्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही हिला मोफत शिकवतो. हिच्या मनात एवढा गर्व कुठून आला?"

बाबांनी हात जोडले. "चुकलं तिचं, सिस्टर. लहान हाय." मग माझ्याकडे वळले. "माफी माग."

मी मागितली नाही. बाबांनी परत सांगितलं. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. ती फरशी सकाळी त्यांनीच पुसली होती. शेवटी माझ्या वाटची माफी त्यांनीच मागितली. त्यांचा मला राग आला. आजही थोडा आहे, आणि त्या रागाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मला शाळेतून काढलं नाही. फक्त माझा नंबर आला की पुढच्या मुलीला बोलवायचे. दहावीपर्यंत.

आज मी एका आयटी कंपनीत आहे. मॅनेजर आहे. काचेची इमारत, गळ्यात कार्ड. इंग्रजी असं बोलते की कोणी उच्चारांवर बोट ठेवू शकत नाही. कोणाला तरी माझ्या वडिलांच्या कामाबद्दल कळलं आणि मग ते सगळ्या कंपनीला कळलं. परवा आमचे वरिष्ठ माझ्या टेबलाशी आले. भले गृहस्थ, जुन्या पुण्यातले.

"वार्षिक कार्यक्रमात तुमची स्टोरी ठेवू या म्हणतो. वडिलांनाही आणा. शाल, श्रीफळ, मोठ्या स्क्रीनवर फोटो. अहो, लोक रडतील!"

मला एकदम तो वर्ग आठवला. बंद डोळे. गोड आवाज.

मी म्हटलं, "आपल्या मजल्यावरचं टॉयलेट धुणाऱ्या मावशी जिन्याखाली बसून डबा खातात. त्यांना कॅन्टीनमध्ये बसू देत नाहीत. स्टेजवर ते बोलू?"

ते जरा हसले. "तो वेगळा विषय आहे. कॉन्ट्रॅक्टरचा."

"मग मी येणार नाही. वडीलही येणार नाहीत."

"यात लाज कसली? विचार करून सांगा."

"विचार पाचवीत असतानाच झालाय," मी म्हटलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते आता म्हातारे झालेत, डोळ्यांना फार दिसत नाही. मग म्हणाले, "शाल देनार व्हते व्हय?" त्यांना जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मानाने बोलावलं होतं त्यांना, आणि मी नाही म्हणून आले होते.

तरी नाहीच. शाल मी आणीन. ज्या लोकांना जिन्याखालची बाई दिसत नाही, त्यांच्यासमोर माझा बाप उभा राहणार नाही. त्यांना रडायचं असेल तर त्यांनी दुसरं कारण शोधावं. उद्या कॅन्टीनमध्ये मी मावशींना घेऊन जाणार आहे, माझ्या टेबलावर. कोणी उठवायला आलं तर आधी मला उठवावं लागेल. आणि या वेळी माझ्या वाटची माफी कोणीही मागणार नाही.