टेम्पोभर मुराळी

माझ्या धाकट्या भावाच्या सासऱ्यांना कुजबुजता येत नाही, आणि या एका गोष्टीमुळे त्यांच्या आयुष्यात गुपित असं काही उरलेलंच नाही. सारी हयात त्यांनी भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढली, म्हणजे लूम अडली की ती सोडवायची. त्या खडखडाटात बोलायची सवय लागलेली. आता घरी बसले तरी समोरच्याशी बोलताना मधे दोन रांगा लूम चालू आहेत असंच धरून चालतात. लग्न ठरवायला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते लेकीच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाले, "पोरगा बरा हाय, पण मोठा भाऊ जरा आगाऊ वाटतो." हे खालच्या पानवाल्यानेही ऐकलं. मोठा भाऊ म्हणजे मी. पानवाला अजून मला बघून हसतो.

आई त्यांना व्याही म्हणते, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. व्याही ख्रिस्ती, त्यांचे वडील पोटासाठी नगरकडून भिवंडीत आलेले. आम्ही गणेशपुरीचे भातशेतीवाले. व्याह्यांचा नाताळ दिवाळी संपायच्या आत सुरू होतो. लोक आकाशकंदील उतरवायला लागले की हे गल्लीत फिरून "टाकणार असाल तर द्या" म्हणत ते गोळा करतात आणि आपल्या गॅलरीत टांगतात. केकचं पीठ घरी कालवायचं, पण भाजायचा तो गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत. बेकरीवाला लहानपणापासून भट्टीपुढे उभा आहे, तरी व्याही त्याच्या डोक्यावर उभे राहतात. "चाचा, आप घर जाइए, केक कहीं भागेगा नहीं," तो वैतागून म्हणतो. "भागेगा नहीं, पण बैठेगा," व्याही म्हणतात आणि हलत नाहीत.

त्यांचा नाताळचा गोठा बघायला तर लांबून माणसं येतात. बाळ येशू, मरिया, योसेफ, गाय, गाढव हे सगळ्यांच्याच गोठ्यात असतं. व्याह्यांच्या गोठ्यात एका कोपऱ्यात बोटभर लूम असते आणि मोटर लावली की ती चालते. का, तर "थंडीचे दिवस, बाळाला कापड नको?" शिवाय गोठ्याबाहेर भिवंडीच्या वाटेवरचा, कायम गाड्यांनी तुंबलेला कशेळीचा पूल, त्यावर खेळण्यातल्या ट्रकांची रांग आणि त्या रांगेत बाळाच्या दर्शनाला निघालेले तीन राजे उंटांसकट उभे. पाहुण्यांनी विचारलं की राजे अजून पोचले कसे नाहीत, तर व्याही शांतपणे सांगतात, "कशेळीला अडकलेत. सुटले की येतील." रोज सकाळी ते राजांना बोटभर पुढे सरकवतात, आणि एखाद्या दिवशी मनाला आलं तर मागेही घेतात.

दुसऱ्यांच्या नाताळाबद्दल त्यांची ठाम मतं आहेत, आणि ती त्या दुसऱ्यांच्या घरी बसून, त्यांचंच खात असताना सांगायची त्यांची पद्धत आहे. मला बरोबर घेऊन ते एकदा ओळखीच्या सगळ्या ख्रिस्ती घरांतून हिंडले. काल्हेरला एक केरळचं कुटुंब आहे, ते महिनाभर मटण-मासळी सोडतात. व्याह्यांना ते पटत नाही. "सण आपला आणि उपाशी बी आपणच," म्हणत त्यांनी तिथे अप्पम आणि रस्सा तीनदा मागून घेतला. गोव्याच्या एक बाई नेवऱ्या आणि दोदोल ताटात रचून, वर विणलेला रुमाल घालून घरोघर पाठवतात. त्यांच्याबद्दल मत, "गोड लय, पण रुमाल परत द्यावा लागतो." वसईकरांकडे पाहुण्यांची गर्दी फार, आणि नगरचे भाऊबंद ढोलकीवर भजनं म्हणत बसतात, जेवायचं भानच नसतं. सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी व्याह्यांचा निकाल एकच. नाताळ म्हणजे पंचवीस तारखेचं दुपारचं जेवण, बाकी सगळी सजावट. बायको गेल्यापासून त्या जेवणाला त्यांच्या घरी दोनच ताटं असायची, एक त्यांचं आणि एक लेकीचं. मटण ते स्वतः रांधायचे, पुऱ्या ती तळायची.

लग्न झालं तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे सुनेचा पहिला सण आला तो नाताळच. भाऊ आईजवळ गणेशपुरीतच राहतो. आदल्या संध्याकाळी त्याने बायकोला भिवंडीला चर्चमध्ये मिस्सेला नेऊन आणावं, याला आईची काही हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सण म्हणून माहेरी जायचं, तर ते रीतीने झालं पाहिजे, असं तिने जाहीर केलं. "पयला सण हाय. न्यायला मुराळी येल, मंग धाडीन. अशी एकली पाठवली त लोक म्हनतील, हिला कोनी न्हाय." सणाला बहिणीला सासरहून न्यायला जो भाऊ येतो तो मुराळी. आईच्या लेखी हा सुनेचाच मान होता. मुराळ्यासाठी तिने टोपी-उपरणं आणि नारळही आणून ठेवला होता.

भावजयीने वडिलांना फोन लावला. फोन तिच्या कानाला होता आणि आम्ही ओटीवर होतो, तरी काही ऐकायचं राहिलं नाही.

"पप्पा, मला न्यायला मुराळी पाठवावा लागतो."

"तो कुठं मिळतो?"

"भाऊ असतो, पप्पा. बहिणीला घ्यायला येतो."

फोन एकदम गप्प झाला. व्याह्यांच्या फोनमधून आवाज येत नाही हे मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. मग ते म्हणाले, "तुला तर भाऊ न्हाय. म्हणजे तू जेवायला येणार नाहीस का?"

आई चुलीपुढून उठून आली. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण शब्द मागे घेणं तिला जमत नाही. "सांग त्यांना, मानलेला बी चालतो. भाऊ म्हनून कोनीतरी दारात येऊ दे, बस."

नाताळच्या सकाळी भावजय साडी नेसून तयार होती आणि उगाचच अंगण झाडत होती. दहाच्या सुमारास कापडाचे तागे वाहणारा एक टेम्पो हॉर्न वाजवत आमच्या दारात आला. पुढे चांदणी बांधलेली. मागचं फळकं पडलं आणि पोरं उतरायला लागली, ती उतरतच राहिली. बेकरीवाल्याचा मुलगा, कारखान्याच्या मालकांचा ईदचा कुर्ता घातलेला नातू, लूमवर काम करणारी यूपीची पोरं, व्याह्यांच्या शेजारणीचे दोघे मुलगे. लहानपणी या सगळ्यांच्या शिकवण्या भावजयीने घेतलेल्या, आणि सगळ्यांनी तिच्या हातचा मार खाल्लेला.

आई टोपी-उपरणं घेऊन उंबऱ्यात उभी. "यातला मुराळी कंचा?"

"सगळे, आई," मालकांचा नातू म्हणाला. "चाचांनी एकालाच विचारलं होतं. बाकीचे बोले, हम क्या भाई नहीं हैं?"

व्याही मात्र उतरले नाहीत. मुराळ्याबरोबर बापाने यायचं नसतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते ड्रायव्हरच्या शेजारी, आपला इथे काही संबंध नाही अशा थाटात, शेताकडे तोंड करून बसले होते. तेवढ्यात ते ड्रायव्हरच्या कानात हळूच म्हणाले, "बाई देईल ना रे पोरीला?"

सगळी आळी थबकली. आई अंगण ओलांडून टेम्पोपाशी गेली. "देते, व्याही. पन आधी उतरा, चा घ्या."

टोपी-उपरणं कोणाला, यावरून पोरांत थोडी मारामारी झाली. शेवटी घरातले होते नव्हते ते सगळे टॉवेल आईने खांद्यांवर टाकले आणि निघताना तीही टेम्पोत चढली. त्या दुपारी व्याह्यांच्या दोन खोल्यांत पंगतीवर पंगत उठत होती. मटण पुरलं नाही, म्हणून बेकरीतून पाव आला. व्याही वाढत होते. आईच्या ताटात पुरी टाकताना त्यांनी सहज विचारलं, "विहीणबाई, तुम्हाला कोण येतं न्यायला?"

"भाऊ होता तवर येयाचा," आई म्हणाली. "तो गेला, आता घराला कुलूप हाय. आन् ह्या वयात मला कोन नेनार?" ती हसली आणि तिने रस्सा मागितला. व्याही पुढच्या ताटाकडे वळले. त्यांना ऐकू गेलं नसावं, असं मला वाटलं.

पुढच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या सकाळी, आम्ही ओटीवर फराळ करत होतो. एसटी येऊन गेली आणि व्याही चालत आले. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. लेकीला न्यायला आले असतील म्हणून भावजय लगबगीने उठली. त्यांनी चपला काढल्या, आईसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला न्यायला आलोय."

"कुठं?" आईने विचारलं.

"भिवंडीला. आज राहा, उद्या आणून सोडतो."

आईने हातातला लाडू ताटात ठेवला. मग "लुगडं बदलते" म्हणून आत गेली. लुगडं बदलायला तिला एवढा वेळ कधी लागत नाही. काय झालं ते बघायला भावजय आत निघाली, तर व्याह्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.